आप्पा नागवेकर आणि कलम नऊ

आप्पा नागवेकरांकडे मी एकदा शिडी मागायला गेलो आणि सही करून आलो.

गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. मे महिना संपत आलेला, कौलं शाकारायची राहिलेली आणि आमची शिडी वाळवीने खाल्लेली. आप्पा म्हणजे आमचे अगदी लागून शेजारी. त्यांच्या आणि आमच्या आवारात एक जांभ्याचा गडगा, तोही कमरेएवढा. गडग्यावरून हात लांब केला असता तरी शिडी हाताला लागली असती. पण मी सभ्यपणे त्यांच्या दारातून गेलो आणि तिथेच फसलो.

"शिडी? ने की," आप्पा म्हणाले. "शेजाऱ्याला नाही म्हणतात होय? पण समजा, शिडी मोडली."

"नवी आणून देईन."

"समजा, शिडी मोडली नाही, पण तू पडलास."

"नाही पडणार हो, आप्पा."

"समजा. आणि समजा, पडलास तो शिडीवरून नाही, कौलांवरून. म्हणजे शिडीने तुला सुखरूप वर पोचवलं, तिचं काम संपलं. मग पुढची जबाबदारी माझी किती, शिडीची किती आणि तुझी किती?"

 मी डोकं खाजवेपर्यंत आप्पांनी दोन फुलस्केप कागदांमध्ये कार्बन घातला होता. लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक. सदर शिडी बांबूची, पायऱ्या बारा, पैकी खालून चौथी किंचित सैल, ही गोष्ट लिहून घेणार यास समजावून सांगितली असून त्याने ती पाय ठेवून पाहिली आहे. (मला खरोखर पाय ठेवायला लावला.) शिडी सूर्यास्तापूर्वी परत. खाली दोन सह्या, आणि उजव्या कोपऱ्यात लाल शाईने 'करार क्र. २'.

संध्याकाळभर मी आणि नीता, म्हणजे माझी बायको, त्या कागदावर हसत होतो. मी तेव्हा अलोऱ्याला नोकरीला होतो, शनिवारी घरी यायचो आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचो. आठवडाभर पुरेल एवढं हसू त्या कागदाने दिलं. आमच्या आधी या शेजारधर्मात कोण सापडला होता, पहिला नंबर कोणाचा, हे विचारायचं काही मला सुचलं नाही.

आप्पांनी पस्तीस वर्षं रत्नागिरीच्या एका वकिलाकडे कारकुनी केली. स्वतः वकील नाहीत, पण वकिलाच्या नावावर खपलेले निम्मे मसुदे यांचे. शरीर पाप्याचं पितर, नाकावर चष्मा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. बोलताना दर तिसऱ्या वाक्याला "समजा". त्यामुळे आख्खी वाडी त्यांना मागे समजाआप्पा म्हणते, आणि हे त्यांना माहीत आहे. "म्हणू देत. पण लेखी नाही ना म्हणत कोणी?" असं त्यांचं त्यावर उत्तर. तोंडी ते वाऱ्याचं, लेखी ते घराचं, ही त्यांची आवडती म्हण. म्हण त्यांनीच बनवलेली आहे, पण ती वाडवडिलांची असल्यासारखी ते ती म्हणतात.

शिडीनंतर वाडीत कोणी सुटलं नाही. त्यांच्या हापूसची एक फांदी आमच्या आवारात आहे. त्याबद्दल करार असा, की वाऱ्याने पडलेला आंबा ज्याच्या आवारात पडेल त्याचा, पण वानराने टाकलेला असल्यास दोघांत निम्मा. आंबा वाऱ्याने पडला की वानराने टाकला हे ठरवायचं कसं? तर दाताच्या खुणा बघून. मासे घेऊन येणाऱ्या शबानाभाभींशीही करार आहे. बांगडा ताजा की शिळा याबाबत वाद उद्भवल्यास नागवेकरांच्या मांजराचा निर्णय उभय पक्षांवर बंधनकारक राहील. भाभी हसत हसत सही करून गेल्या. पुढे एकदा मांजराने खरोखरच बांगडा हुंगून तोंड फिरवलं, तेव्हा भाभींनी निमूटपणे तो परत टोपलीत टाकला. "मांजराला तरी सर्दी झाली असंल," एवढं मात्र त्या जाताना म्हणाल्या.

"काकी, तुमच्याशी लग्न करताना पण कागद केला होता का?" असं मी एकदा नागवेकरकाकींना विचारलं.

"छे हो," काकी म्हणाल्या. "तेव्हा नव्हतं हे खूळ. असतं तर मी सही केली असती होय?"

आप्पांना मूलबाळ नाही. दोघंच. पण घरात कायम माणसांची ये-जा, कारण वाडीत कोणालाही काहीही ठरवायचं झालं की लोक शेवटी तिथेच येतात. हसतात, आणि येतात.

आता आमच्या सायलीबद्दल सांगतो, म्हणजे तिच्या हळदीतल्या डीजेच्या कराराची गोष्ट नीट कळेल.

सायली आमची एकुलती एक. दोन वर्षांची असताना तिला मोठा ताप आला आणि त्यात तिचं ऐकणं गेलं. सगळंच गेलं. पुढे ती शिकली, लिहायला वाचायला पटकन शिकली, खुणांनी बोलायला लागली, पुण्याला कॉलेज करून आली, आता कॉम्प्युटरवर पुस्तकांसाठी चित्रं काढते. तिचं लग्न ठरलं ते तिच्या पसंतीने. जावई चिपळूणचा. त्याला ऐकू येतं, पण तिच्यासाठी त्याने खुणांची भाषा शिकून घेतली. आप्पांनी त्याच्याकडूनही काहीतरी लिहून घेतलं असावं असा मला संशय आहे, पण दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत.

हळद आमच्याच आवारात करायची ठरली, डिसेंबरात, दुपारी चारपासून. सायलीने मला मोबाइलवर यादी पाठवली. पहिल्या क्रमांकाला होतं, 'डीजे पाहिजे. मला नाचायचंय.'

माझी दापोलीची ताई तेव्हा घरी आली होती. ती म्हणाली, "अरे, तिला ऐकू येत नाही, मग डीजे कोणासाठी?"

 खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. पंचवीस वर्षं ज्या मुलीचा बाप आहे तिच्या बाबतीत माझ्या मनात हे यावं, याची मला आजही लाज वाटते. पण तिला हवा होता, म्हणून मी डीजे शोधला. लग्नसराईत सगळे आधीच ठरलेले. एकच मोकळा मिळाला, डीजे पॅडी. त्याला फोन केला. मुलीला ऐकू येत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानेही ताईसारखंच विचारलं असतं, आणि मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं. "काका, टेन्शन नाय घ्यायचा. लोकेशन टाका," तो म्हणाला. संपलं.

गडग्यापलीकडे आप्पा जास्वंदीला पाणी घालत होते.

"ठरला डीजे?"

"ठरला."

"कशावर ठरला?"

"फोनवर."

आप्पांनी झारी खाली ठेवली. कोणाच्या तरी मयताची बातमी ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला. "शेखर, लग्नघरात तोंडी डीजे? समजा, त्या दिवशी त्याला दुसरीकडून बोलावणं आलं. समजा, तो स्वतः न येता चुलतभावाला पाठवतो. समजा, लाईट गेली, जनरेटर कोणाचा? डिझेल कोणाचं? आणि समजा, सगळं नीट झालं, पण सायलीला नाचताच आलं नाही. मग?"

शेवटचं 'समजा' ऐकून मी त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या लोकांत तेवढं एकट्या आप्पांनाच सुचलं होतं.

पुढचे तीन दिवस आप्पा मसुदा करत होते. त्यासाठी त्यांनी सायलीला समोर बसवलं आणि प्रश्न लिहून विचारले. ती उत्तरं लिहायची, ते चष्मा वर करून वाचायचे, पुढचा प्रश्न लिहायचे. कागदांचा गठ्ठा झाला. त्यातला एक कागद मी उचलून वाचला. आप्पांनी लिहिलं होतं, 'गाणं तुला कुठे कळतं?' आणि खाली सायलीच्या अक्षरात होतं, 'पायात. शाळेच्या गॅदरिंगला लाकडी स्टेज होतं, तिथे कळायचं. बेसचा डबा, म्हणजे मोठा स्पीकर, स्टँडवर असला तर नुसतं पोटात थोडंसं. फळीला टेकून असला तर पायातून वर येतं, मग सगळं कळतं.'

माझ्याच मुलीची ही गोष्ट मला शेजाऱ्याच्या मसुद्यातून कळली. मी कागद होता तसा ठेवला आणि आत जाऊन नीताला सांगितलं. तिला माहीत होतं. "तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली.

रविवारी पॅडीला सहीसाठी बोलावलं. सोनेरी रंगवलेले केस, कानात बाळी, पण आल्या आल्या आप्पांच्या पाया पडला. बरोबर त्याचा लाईटवाला नित्या, लांज्याकडचा. सगळे आमच्या पडवीत बसले. सायली झोपाळ्यावर होती.

"नाव?" आप्पा.

"डीजे पॅडी."

"आईने काय ठेवलंय?"

पॅडीने इकडेतिकडे बघितलं. "पांडुरंग."

"मग लाजतोस कशाला? पांडुरंग ऊर्फ पॅडी. हां, आता मी वाचतो. एकेक कलमाला मोठ्याने हो म्हणायचं."

आप्पांचा वाचायचा सूर कोर्टातला, शेवटचा शब्द ओढत नेणारा. आमच्या कोकणात देवळात गाऱ्हाणं घालतात तोही असाच. एकजण देवाला एकेक गोष्ट सांगतो आणि जमलेली माणसं दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. नित्या त्याच्या गावच्या देवळात लहानपणापासून उभा राहिलेला.

"कलम एक. लिहून देणार याने ठरल्या दिवशी दुपारी दोन वाजता जातीने हजर राहावे, चुलतभाऊ, मावसभाऊ अथवा मित्र यास पाठवू नये."

"व्हय म्हाराजा," नित्या म्हणाला. आपण काय बोललो ते त्याच्याही लक्षात आलं नाही.

आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "चालेल. कलम दोन. गाणी ठीक साडेसातला बंद."

"व्हय म्हाराजा!" आता पॅडीपण. मग ताईसुद्धा. जनरेटर, डिझेल, अर्धे पैसे आधी आणि अर्धे नंतर, सगळ्याला आमची पडवी व्हय म्हाराजा म्हणत होती.

अडलं ते सहाव्या कलमाला. डीजेने माइकवर जे काही बोलायचे ते बोलण्यापूर्वी पाटीवर ठळक अक्षरात लिहून नवरीस दाखवावे.

"काका, ह्या काय?" पॅडी म्हणाला. "पाच वर्सं लग्नं वाजवतोय, असला कागद नाय बगितला. माइकवर बोलल्याबिगर डीजे कसला? नसंल जमत तर ऱ्हाऊ दे."

तो उठायलाच लागला. त्या तारखेला दुसरा कोणी नव्हता.

"बोल की," आप्पा शांतपणे म्हणाले. "तुझं तोंड कुठे बांधलंय मी? फक्त आधी लिही. नवरीला ऐकू येत नाही. तू माइकवर तिचीच गंमत करणार, तीनशे माणसं हसणार, आणि तिला कळणार नाही की का हसतायत. तिच्या हळदीत तिने एकटीने मागे राहायचं?"

नवरी चिपळूणला दिली आहे, असं सांगावं इतक्या साधेपणाने आप्पांनी हे सांगितलं. मला इतक्या दिवसांत जे फोनवर जमलं नव्हतं ते. पॅडीने झोपाळ्याकडे बघितलं. सायलीने त्याला हात केला. पॅडी पुन्हा खाली बसला आणि त्याचा चेहरा असा झाला की बिचाऱ्याला कुठे बघावं कळेना. त्यानंतर त्याने कशालाच हरकत घेतली नाही. सात, आठ, नऊ, दहा, सगळी कलमं मान खाली घालून एका दमात व्हय म्हाराजा. सही केली, चहासुद्धा न घेता गेला.

इथेच चूक झाली. आम्हा लोकांना व्हय म्हाराजा म्हणायची सवय लहानपणापासून, पण कशाला व्हय म्हटलं ते कान देऊन ऐकायची सवय तेवढी नाही. नववं कलम असं होतं: बेसचे दोन्ही डबे लाकडी मंचाच्या फळ्यांना टेकवून, मध्ये स्टँड, वीट, गोणपाट अथवा तत्सम अडथळा न ठेवता, जमिनीवर ठेवावेत.

मंच आप्पांच्या सांगण्यावरून सुताराकडून मुद्दाम करून घेतला होता, सागाच्या फळ्यांचा. पोलीस ठाण्याची परवानगी आप्पांनी आणली. वाडीतल्या सात घरांची ना-हरकत त्यांनी दारोदार फिरून गोळा केली. आठवी त्यांची स्वतःची. त्यांचं घर मंचापासून दहा पावलांवर. त्यांनी लिहून दिलं होतं, 'माझ्या घरातील काचेच्या बरण्या, फोटो व सौ. यांचे कान यांस होणाऱ्या त्रासाबद्दल माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.' सौ.ना हे विचारलेलं नव्हतं. त्यांनी आपला मुकाट्याने कापसाचा पुडा आणून ठेवला.

हळदीच्या दिवशी पॅडी दोनला हजर. जातीने. आप्पा कोट घालून आले होते, काखेत करार, तोही प्लॅस्टिकच्या पिशवीत. हळद लावून झाली, बायकांनी सायलीला पिवळीधमक करून टाकली, आणि गाणी सुरू झाली. पोरंपोरी मंचावर चढली. सायली मधोमध उभी राहिली.

मी कोपऱ्यातून बघत होतो. पहिलं गाणं निम्मं झालं. सायली नाचत होती, पण बघत होती दुसऱ्यांच्या पायांकडे. मैत्रिणीचा पाय उचलला की हिचा उचलायचा, अर्ध्या ठेक्याने मागे. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते फोटोसाठी ठेवलेलं हसू. एवढं मला ओळखता येतं. ताईने लांबून माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे बघितलं. काय बिघडलंय तेही मला धड कळत नव्हतं. मला वाटलं, आपण हट्टाने डीजे आणला आणि पोरीला सगळ्यांसमोर उभं केलं. तिने इतकी वाट बघितलेला दिवस आणि तो असा चाललाय.

इतक्यात आप्पा गर्दीतून वाट काढत पॅडीपुढे जाऊन उभे राहिले. पिशवीतून कागद काढला आणि डोक्यावर धरला. गाणं बंद.

"कलम नऊ," आप्पा म्हणाले. "डबे कुठे आहेत?"

डबे होते लोखंडी स्टँडवर, खाली गोणपाट. नित्याने नेहमीसारखे लावले होते.

"काका, जमिनीवर ठेवला तर आवाज घुमतो," पॅडी कळवळून म्हणाला. "कानाला बरा नाय लागत. नवरीला नाय तरी पावण्यांना तरी..."

"कानासाठी नाहीच आहेत ते," आप्पा म्हणाले. "तिला गाणं पायात ऐकू येतं."

 पॅडी स्वतःच्याच कपाळावर हात मारत "नित्या, उचल!" म्हणून ओरडला आणि आधी स्वतः डब्याला हात घातला. चौघांनी मिळून डबे खाली उतरवले, गोणपाट ओढून टाकलं, डबे फळ्यांना नीट टेकवले. आप्पांनी वाकून फळी आणि डबा यांच्या मध्ये करंगळी घालून बघितली. करंगळी गेली नाही. त्यांनी मान हलवली.

गाणं सुरू झालं. सायलीने मान खाली घातली, अनवाणी पायांकडे बघितलं, आणि तशीच थांबली. मग तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्याच्या पायांकडे बघायची गरजच उरली नाही. डोळे मिटून पोरगी नाचायला लागली ती अशी, की मंचावरच्या बाकीच्या पोरी बाजूला झाल्या. एक ठेका चुकला नाही. नीता रडत होती, आणि मीही रडत होतो, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

मग पॅडीला पाटीची आठवण झाली. नित्या उंच उभा राहून पाटी धरायचा, 'हात वर!!' सायली ती वाचून हात वर करायची, आणि मग पॅडी माइकवर ओरडायचा, "हात वर!" म्हणजे दर वेळेला सगळ्यांच्या आधी हात नवरीचा. तीनशे माणसं तिच्या मागून. पुढे पुढे पाहुणे माइक ऐकायचे सोडून नवरीकडेच बघायला लागले.

ताईने चपला काढल्या आणि हळूच मंचावर जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने ओरडली, "अगो बाय, पायात येतंय खरंच!" खाली उतरायला तयार होईना.

साडेसातला आप्पांनी घड्याळ बघितलं आणि पॅडीने त्या सेकंदाला बटण बंद केलं. जाताना त्याने आप्पांकडे कराराची एक जादा प्रत मागितली. "पुढच्या हळदीला मीच वाचीन," तो म्हणाला.

आप्पांनी घरातून त्यांची जाड वही आणली. आजवरच्या सगळ्या करारांच्या कार्बन प्रती तिच्यात चिकटवलेल्या आहेत. हा तीनशे एकेचाळिसावा. त्याच्याखाली त्यांनी लाल शाईने 'पूर्तता झाली' लिहिलं, पॅडीची सही घेतली, आणि वही माझ्या हातात ठेवून मंच उतरवणाऱ्यांना सूचना द्यायला गेले. मी सहज मागे मागे पानं उलटत गेलो. वानराचा आंबा, शबानाभाभींचं मांजर. दुसऱ्या पानावर माझी शिडी. आणि पहिल्या पानावर हे:

'करार क्र. १. लिहून देणार गजानन नागवेकर. लिहून घेणार कु. सायली, वय ७. मी तिला येत्या बुधवारी चार वाजता भाट्याच्या समुद्रावर होड्या बघायला नेईन. मी विसरल्यास लिहून घेणारीने पायरीवर बसून राहू नये. सरळ आत येऊन माझा सदरा ओढावा.' खाली आप्पांची सही, आणि शेजारी पेन्सिलीने काढलेली एक होडी.

मी काकींना पान दाखवलं. काकींच्या कानात अजून कापूस होता, त्यामुळे त्या आख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागल्या.

"त्याच्या आदल्या बुधवारचं ते! यांनी खुणेने सांगितलं होतं तिला, समुद्रावर जाऊ म्हणून. आणि विसरले. दुपारी झोपले. ती फ्रॉक घालून आमच्या पायरीवर बसलेली. ऐकू येणारं पोर असतं तर हाक मारली असती, दार वाजवलं असतं. ही नुसती बसली, अंधार पडेपर्यंत. यांनी दार उघडलं तेव्हा दिसली. त्या रात्री जेवले नाहीत. म्हणाले, या पोरीशी तोंडी काही ठरवायचं नाही, तिच्या हातात कागद हवा. म्हणून तो पहिला कागद."

"आणि बाकीचे?" मी मोठ्याने विचारलं. "माझी शिडी? मांजर?"

काकींनी एका कानातला कापूस काढला. आवाज खाली आला.

"तिला एकटीलाच कागद दिला असता तर तिला वाटलं असतं ना, आपल्यात काहीतरी कमी आहे म्हणून आपल्यालाच लिहून देतात. म्हणून मग सगळ्यांनाच द्यायला लागले. ती सह्यांच्या वेळी समोर असायची बघा नेहमी. लोक हसतात, हसू देत म्हणाले."

मला आठवलं. शिडीच्या कागदावर मी सही करत होतो तेव्हा सायली आप्पांच्या ओट्यावर बसली होती, आणि मी सही केल्यावर तिने टाळ्या वाजवल्या होत्या. मला वाटलं होतं, शिडी मिळाली म्हणून.

लग्न झालं. पाठवणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी गडग्याशी गेलो. आप्पा जास्वंदीला पाणी घालत होते. घर रिकामं झालेलं दोघांनाही कळत होतं. मी म्हटलं, "आप्पा, तुमचे आभार कसे मानू ते..."

 आप्पांनी वर बघितलं नाही. झारी हलवत राहिले. मग म्हणाले, "तोंडी?"

म्हणून हे लिहून देतो. लिहून देणार शेखर, शेजारी. लिहून घेणार गजानन ऊर्फ आप्पा नागवेकर. अठरा वर्षं तुम्ही माझ्या मुलीसाठी जे केलंत ते मला आजवर कळलं नाही, त्याबद्दल मला वाईट वाटतं. जे केलंत त्याबद्दल मी जन्माचा ऋणी आहे. ही गोष्ट मी शुद्धीत आणि राजीखुशीने लिहिली आहे. क्रमांक तुम्ही घालावा.

सायली मांडवपरतणीला आली होती. तिला हे वाचायला दिलं. तिने सावकाश वाचलं, दोनदा वाचलं, आणि साक्षीदाराच्या जागी सही केली आहे. होडी काढली आहे.